काठावरचा शत्रू: प्लॅटफॉर्म गेम नव्याने खेळणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. भावाची दोन्ही मुलं कोथरूडला आमच्याकडे राहायला आली होती आणि पाऊस असा लागला होता की खाली पार्किंगमध्येही खेळता येईना. मी त्यांना ‘निंजा गायडन’ लावून दिला. १९८८ सालचा गेम, माझ्या लहानपणीचा. धाकटा दहा वर्षांचा आहे. पलीकडच्या कड्यावर जायला तो उडी मारायचा, उडी अर्ध्यात असताना समोरून एक पक्षी येऊन धडकायचा आणि निंजा थेट खड्ड्यात. असं सलग नऊ वेळा झालं. शेवटी त्यानं कंट्रोलर सतरंजीवर ठेवला आणि म्हणाला, “आत्या, मी उडी मारली की बरोब्बर तेव्हाच येतो तो. त्याला कळतं!”

त्याचं निरीक्षण अगदी खरं होतं. कारण तेवढं चुकलं होतं. पक्ष्याला काहीच कळत नाही. तुम्ही चालता तसा पडदा पुढे सरकतो, तो एका ठरलेल्या जागी पोचला की पक्षी तयार होतो आणि उडायला लागतो. ती जागा गेम बनवणाऱ्यांनी अशी निवडली आहे की सरळ धावत येणारा माणूस तेव्हा नेमका हवेत असावा. म्हणजे पक्षी कधी यायचा हे ठरवणारे तुम्हीच आहात. दोन पावलं अलीकडे थांबलात, तर तो तुमचे पाय जमिनीवर असताना येईल आणि तलवारीच्या एका घावात जाईल.

हे कळल्यावर पोरगं तिसऱ्या प्रयत्नात पलीकडे गेलं. मग मला वाटलं, हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं. प्लॅटफॉर्म गेम, म्हणजे उड्या मारत फळ्या आणि खड्डे पार करायचे गेम, खेळायला घेतलेली बरीच माणसं नेमकी अशाच जागी गेम कायमचा बंद करतात, आणि ‘आपले हात चालत नाहीत’ असं समजून बसतात. हात बहुतेक वेळा चांगले चालत असतात. नजर चुकीच्या गोष्टीवर असते. खड्ड्याजवळ सगळे जण शत्रूकडे बघतात, आणि जीव घेणारा तर खड्डा असतो. शत्रू फक्त ढकलायला ठेवलेला आहे.

आधी तीन गोष्टी समजून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे धक्का. मार बसल्यावर तुमचं पात्र मागे फेकलं जातं का, आणि किती? १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये ते फेकलं जात नाही. मोठ्या मारिओला शत्रू लागला तर खेळ क्षणभर गोठतो, मारिओ लहान होतो आणि उडी होती तशीच पुढे चालू राहते. म्हणून मारिओत खड्ड्यांचा भाग येण्याआधी मशरूम खाऊन मोठं असणं फार मोलाचं. १९८६ च्या ‘कॅसलव्हेनिया’त सगळं उलट आहे. तिथला सायमन मार बसताच मागे उडतो, आणि मागे जमीन नसेल तर शक्तीची पट्टी काठोकाठ भरलेली असली तरी ती लाइफ गेली. ‘मेगा मॅन’ आणि ‘निंजा गायडन’ याच जातीचे. अशा गेममध्ये पट्टीवरचे आकडे सपाट जमिनीपुरते खरे असतात. काठावर उभे असाल तेव्हा आपल्याकडे एकच टोला शिल्लक आहे असं धरून चाला.

दुसरी गोष्ट, हवेतला ताबा. ‘कॅसलव्हेनिया’त पाय सुटले की दिशा बदलता येत नाही, दगड फेकावा तशी ती उडी आहे. मेगा मॅन मात्र दिशेचं बटण सोडलं की तिथल्या तिथे सरळ खाली येतो, हवेत मागेही फिरतो. मारिओ या दोघांच्या मधला, धावण्याचा वेग असेल तर त्याला थोडंसं मागे खेचता येतं. १९९१ च्या ‘सुपर कॅसलव्हेनिया ४’मध्ये हवेत वळता येऊ लागलं आणि त्या एका बदलानं त्या मालिकेतला खड्ड्यांचा धाक बराच कमी झाला. नव्या गेमला हात लावताना मी सगळ्यात आधी हेच बघते, कारण ज्या गेममध्ये उडी वळत नाही, तिथे सगळी हुशारी जमिनीवर असतानाच संपवावी लागते.

तिसरी, उगवण. जुन्या गेममध्ये शत्रू लेव्हलभर आधीपासून हिंडत नसतात. निन्टेन्डोच्या त्या आठ बिटच्या यंत्रात चालू कामासाठी मेमरी होती दोन किलोबाइट. अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ चाळीस किलोबाइटचा. आज सकाळी व्हॉट्सॲपवर आलेला ‘शुभ सकाळ’चा फोटोही बहुधा त्याहून मोठा असेल. एवढ्याशा जागेत सगळ्या शत्रूंचा हिशेब ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून शत्रूची जागा पडद्याच्या कडेला आली की तो तयार करायचा आणि पडद्याबाहेर गेला की पुसून टाकायचा, अशी सोय होती. खेळणाऱ्यासाठी याचा अर्थ असा: ‘निंजा गायडन’ किंवा ‘मेगा मॅन’मध्ये तुम्ही शत्रू मारला, घाबरून मागे सरकलात आणि पुन्हा पुढे आलात, तर तो परत हजर. नवशिक्यांचा निम्मा छळ या मागेपुढे करण्यातून होतो.

पायरी १: सपाट जमिनीवर मुद्दाम मार खा

पहिली लेव्हल सुरू झाली की खड्डा येण्याआधी थांबा. जवळ कुठेही खड्डा नाही अशा ठिकाणी सगळ्यात साधा शत्रू अंगावर येऊ द्या. किती मागे गेलात ते आपल्या पात्राच्या रुंदीत मोजा: एक अंग, दोन अंगं, तीन अंगं. हे माप म्हणजे पुढच्या सगळ्या लेव्हलमध्ये काठापासून मागे ठेवायचं किमान अंतर. मग पाठ शत्रूकडे करून पुन्हा मार खा. काही गेम तुम्हाला शत्रूपासून लांब ढकलतात. काही गेम तुमचं तोंड जिकडे असेल त्याच्या उलट्या दिशेला ढकलतात, शत्रू कुठूनही येवो. हा फरक सहाव्या पायरीला कामी येतो.

मार बसल्यावर पात्र काही क्षण लुकलुकतं, त्या वेळात दुसरा मार बसत नाही. तो वेळ मनात मोजा, “एक, दोन...” असा. शिवाय उडी मारून हवेत उलटं बटण दाबून बघा, आणि काठावर अगदी हळू, टिचकीसारखं बटण दाबत पुढे सरकून बघा की पात्र नेमकं कुठे खाली पडतं. बऱ्याच गेममध्ये निम्मं अंग हवेत गेलं तरी पात्र उभं राहतं. २०१८ च्या ‘सेलेस्ट’सारखे नवे गेम तर काठावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारू देतात. जुन्यांमध्ये ही माया नाही, तिथे जमीन असेपर्यंतच बटण दाबायचं.

या सगळ्याला तीन-चार मिनिटं आणि फार तर एक लाइफ लागते.

पायरी २: उडीआधी एक पूर्ण फेरी बघा

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते या पायरीवर, कारण लहान मुलांना ती सांगून पटत नाही आणि मोठ्यांना पटली तरी जमत नाही.

थोडं गणित करू. हे गेम सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ चित्रं, दाखवतात. काहीतरी दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधरा फ्रेम. पूर्ण वेगानं धावणारा मारिओ एका फ्रेममध्ये अडीच पिक्सेल पुढे जातो. पंधरा फ्रेममध्ये झाले सदतीस पिक्सेल. मारिओची रुंदी सोळा. म्हणजे शत्रू दिसून तुम्ही ‘अरे!’ म्हणेपर्यंत मारिओ स्वतःच्या दुपटीहून जास्त अंतर कापून गेलेला असतो, आणि समोरचा शत्रूही इकडेच येत असतो. दोन अंगांवर खड्ड्याची कड असेल तर विचार करायला जागाच उरली नाही. यात तुमच्या चपळाईचा दोष नाही. पूर्ण वेगात धावत या जागा पार करणारे लोक त्या जागा आधीच पाठ करून आलेले असतात.

म्हणून काठाच्या अलीकडे, धक्क्याचं माप सोडून, उभे राहा आणि शत्रूची एक फेरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघा. तो कड आल्यावर वळतो का? मारिओतली हिरवी कासवं काठावरून सरळ खाली पडतात, लाल कासवं कडेला पोचली की मागे फिरतात. हिरव्याला नुसतं जाऊ द्यायचं, तो आपोआप निकालात निघतो. लाल मात्र त्याच फळीवर येरझाऱ्या घालत राहणार, म्हणून त्याची पाठ वळण्याची वाट बघायची. एकच आकार, फक्त रंग वेगळा, आणि खेळणाऱ्यासाठी दोन वेगळे प्रश्न. हे मला आजही फार सुंदर वाटतं.

उडणाऱ्यांची वाट बघणं थोडं वेगळं. ‘कॅसलव्हेनिया’तली मेडुसाची मुंडकी पडद्याच्या कडेतून एकामागून एक येत राहतात, लाटेसारखी वरखाली होत. त्यांना संपवायचा प्रयत्न करू नका, ती संपत नाहीत. तोंडानं ठेका धरा. एक मुंडकं डोक्यावरून गेलं की पुढचं यायच्या आत किती वेळ मिळतो ते दोन-तीनदा ऐकल्यासारखं मोजा आणि त्या फटीत उडी टाका. माझा भाऊ लहानपणी यासाठी चक्क टाळी वाजवायचा: मी कंट्रोलरवर, तो शेजारी बसून टाळी देणार.

“आत्या, पण वेळ संपतो ना,” हा प्रश्न येतोच. मारिओच्या घड्याळातले चारशे आकडे म्हणजे जवळपास एकशे साठ सेकंद. तीन सेकंद थांबून बघितलं तर सात-आठ आकडे जातात. चालतंय. अपवाद हातोडे फेकणाऱ्या जोडगोळीचा: त्यांच्यासमोर फार रेंगाळलं तर ते स्वतःच चालून येतात, तेव्हा तिथे एकच फेरी बघून निर्णय घ्या.

पायरी ३: पाय कुठे टेकणार ते आधी ठरवा

कर्वे रस्ता सिग्नल नसलेल्या ठिकाणी ओलांडायची वेळ आली तर पुणेकर काय करतो? अंगावर येणारी प्रत्येक दुचाकी बघत बसला तर तो संध्याकाळपर्यंत फुटपाथवरच उभा राहील. तो आधी दुभाजक बघतो, त्यावर पाय ठेवायला मोकळी जागा कुठे आहे ते हेरतो, मग तिथवर पोचायला लागेल तेवढीच फट वाहनांमध्ये शोधतो. गेममध्येही हाच क्रम ठेवा. आधी उतरण्याची जागा, मग तिथे पोचण्याची वेळ, आणि शत्रू सगळ्यात शेवटी.

पलीकडच्या फळीवर शत्रू असेल तर फळीचा कुठला तुकडा मोकळा राहतो ते बघा. सहसा दोन पर्याय असतात: तो लांबच्या टोकाला असताना जवळच्या टोकावर उतरायचं, किंवा तो जवळ आला की त्याच्या डोक्यावरून लांब उडी घेऊन त्याच्या पाठीमागे. नवीन असाल तर पहिला पर्याय घ्या. उतरल्यावर लगेच दुसरी उडी मारायची घाई करू नका. एक वार करून जागा मोकळी करा. फळी जर धक्क्याच्या मापापेक्षा लहान असेल, तर तिथे थांबणंच धोक्याचं. अशी फळी फक्त टेकून पुढे जाण्यासाठी आहे असं समजा आणि तिच्या पुढची जागाही आधीच हेरून ठेवा.

पायरी ४: हूल द्या

आट्यापाट्या खेळलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. पाटीवरचा गडी आपली रेघ सोडू शकत नाही, तो फक्त तिच्यावर डावीउजवीकडे पळतो. तुम्ही डावीकडून जाण्याची हूल दिली, तो तिकडे झुकला, की उजवीकडून निघायचं. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याच्या अंगणात हे शिकलेलं मला पुढे गेममध्ये जसंच्या तसं उपयोगी पडलं, कारण काठावरचा शत्रू हा पाटीवरचाच गडी आहे. त्याला ठरवून दिलेली रेघ असते, आणि ती रेघ तुमच्या जवळ येण्यानं किंवा लांब जाण्यानं चालू होते.

हूल तीन प्रकारे देता येते. पडदा अगदी थोडा पुढे सरकवून उडणाऱ्या शत्रूला आधीच बोलवायचं आणि स्वतः जमिनीवर उभं राहून त्याला घ्यायचं. सुरुवातीला सांगितलेला पक्षी असाच जातो. दुसरं म्हणजे जे शत्रू तुम्ही जवळ आल्यावर झेप घेतात, त्यांच्या टप्प्यात एक पाऊल टाकून लगेच मागे यायचं. त्यांची झेप वाया जाते, कधी ते स्वतःच खड्ड्यात पडतात, आणि त्यांना परत जागेवर यायला लागणारा वेळ तुमचा. तिसरं, फेकून मारणारे. त्यांचा एक दगड किंवा हातोडा येऊ द्यायचा, तो निघून गेला की पुढचा निघेपर्यंतची फट आपली.

एक काळजी मात्र घ्या. मागे येताना इतकं मागे येऊ नका की शत्रूची उगवायची जागा पडद्याबाहेर जाईल. गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एक-दोन पावलं पुरेत.

पायरी ५: मारायचं, चुकवायचं की वापरायचं

नवीन माणूस प्रत्येक शत्रू मारायला जातो. खड्ड्याजवळ मी चुकवणं पसंत करते, कारण मारण्यासाठी थांबावं लागतं. ‘कॅसलव्हेनिया’त जमिनीवर चाबूक मारताना सायमन जागेवर खिळतो; हवेत मारला तर उडी चालू राहते, पण वळता येत नाही. ‘डाँकी काँग कंट्री’तल्या, १९९४ सालच्या, काटेरी गांधीलमाश्या खड्ड्यांवर टांगल्यासारख्या उभ्या असतात आणि त्यांच्यावर उडी मारली तर मार आपल्यालाच बसतो. त्या तिथे अडथळा म्हणूनच आहेत, त्यांच्याशी लढायला जाऊ नका.

२०१७ च्या ‘हॉलो नाइट’मध्ये तलवारीचा वार शत्रूला लागला की आपणही किंचित मागे सरकतो. काठावर ते किंचितही महागात पडतं. मागे सरकणं थांबवणारं एक ताईत त्या गेममध्ये मिळतं, अरुंद फळ्यांवर ते घाला.

याच गेममध्ये शत्रूचा उलटा उपयोगही शिकवलाय. हवेत असताना खाली वार केला की शत्रूवरून उसळी मिळते. १९८९ च्या ‘डकटेल्स’मध्ये स्क्रूज काठीवर उसळत जायचा, २०१४ च्या ‘शॉव्हल नाइट’मध्ये फावड्यावर, कल्पना तीच. अशा गेममध्ये खड्ड्यावर घिरट्या घालणारा शत्रू दिसला की त्रासून जाऊ नका, थोडं निरखून बघा. खड्डा एका उडीत पार होण्यासारखा नसेल, तर तो शत्रू म्हणजेच मधली पायरी आहे. उसळी घेताना शत्रूच्या मध्यावर यायचा प्रयत्न करा, कडेला आलात तर वार हुकतो.

‘शॉव्हल नाइट’बद्दल आणखी एक. तिथे मेलात की तुमचं काही सोनं पंखवाल्या थैल्यांमध्ये जाऊन मेलेल्या जागेपाशी तरंगत राहतं. खड्ड्यात मेला असाल तर थैल्या खड्ड्यावरच. त्या घ्यायला जाऊन पुन्हा मेलात तर आधीच्या थैल्या गेल्या. पहिल्या खेळात त्या सोडून द्या.

पायरी ६: मार घ्यायचाच असेल तर जागा निवडून घ्या

कधी कधी स्वच्छ वाट सापडतच नाही. अशा वेळी पट्टीत शक्ती असेल तर एक टोला जाणूनबुजून घेऊन लुकलुकण्याच्या वेळात पुढे निघणं हा पूर्ण कायदेशीर मार्ग आहे. अट एकच: धक्का जमिनीच्या दिशेला बसला पाहिजे. पहिल्या पायरीत तुम्ही धक्क्याची दिशा बघून ठेवली आहे. तोंडाच्या उलट ढकलणारा गेम असेल तर टोला बसायच्या आधी खड्ड्याकडे तोंड करून उभे राहा. शत्रूपासून लांब ढकलणारा असेल तर खड्ड्याची बाजू शत्रूला द्या आणि आपण आतल्या बाजूला राहा.

‘कॅसलव्हेनिया’च्या जिन्यांवर मार बसला तरी सायमन मागे फेकला जात नाही, म्हणून जिथे जिना असेल तिथे त्याचा आसरा घ्या. ‘मेगा मॅन’च्या शिड्यांवर हा भरवसा ठेवू नका, तिथे मार बसला की हात सुटतो.

काळ थांबवणारी वस्तू मिळाली तर ती बॉससाठी, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूसाठी, जपून ठेवायचा मोह होतो. ‘कॅसलव्हेनिया’तलं घड्याळ पाच हृदयांत (वाटेत गोळा करून अशा वस्तूंवर खर्च करायची ती) मेडुसाची मुंडकी जागच्या जागी गोठवतं. काठावरच वापरा ते.

पायरी ७: एका जागेचा सराव

जुना गेम आज खेळत असाल तर जुन्या गेमच्या बहुतेक नव्या संग्रहांमध्ये हवं तिथे खेळ साठवून ठेवायची सोय असते. काठाच्या अलीकडे, पाय जमिनीवर असताना साठवा. हवेत असताना साठवलंत आणि ती उडी आधीच फसलेली असली तर प्रत्येक वेळी त्याच मरणापासून सुरुवात होईल. एका जागेवर दहा प्रयत्न करा आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला: या वेळी उडी थोडी उशिरा, पुढच्या वेळी एक पाऊल मागून. सगळं एकदम बदललं तर काय जमलं ते कळत नाही.

ही सोय वापरणं म्हणजे फसवणूक, असं म्हणणारे भेटतील. माझं मत स्पष्ट आहे. ‘निंजा गायडन’ शेवटच्या बॉसकडे हरलात तर तुम्हाला सहाव्या अंकाच्या सुरुवातीला परत पाठवतो, आणि तो अंक काठावरच्या शत्रूंनी भरलेला आहे. ज्याला दिवसभराच्या कामानंतर रात्री अर्धा तास मिळतो, त्यानं तो अर्धा तास त्याच त्या वाटेवर घालवावा असं मला वाटत नाही. ‘सेलेस्ट’च्या निर्मात्यांनी खेळाचा वेग कमी करायची सोय गेममध्येच ठेवली आहे आणि ती वापरणाऱ्याला कुठेही कमी लेखलेलं नाही. वेग कमी करा, जागा समजून घ्या, मग पूर्ण वेगात या.

सामानाबद्दल थोडक्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर पडद्यावर उडी उशिरा दिसते आणि काठावर तेवढा उशीर पुरतो. कंट्रोलर घेताना दुकानातच उडीचं बटण वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. मी तपकीर गल्लीतून आणलेल्या एका स्वस्त कंट्रोलरचं बटण दाबल्यावर खालीच अडकून राहायचं, आणि आठवडाभर मला वाटत होतं की माझाच अंदाज चुकतोय.

कुठल्या जागेला अन्याय म्हणायचं

सगळे काठावरचे शत्रू विचार करून ठेवलेले असतात असं मी म्हणणार नाही. माझी कसोटी अशी: पाय जमिनीवर असताना धोका दिसू शकत होता का? दिसत होता आणि मी बघितलं नाही, तर चूक माझी. दिसूच शकत नव्हता, आणि उडी घेतल्यावर पडद्याबाहेरून काहीतरी आलं, शिवाय गेम हवेत वळूही देत नाही, तर ती जागा वाईट बनवलेली आहे. तिथे पहिल्या वेळी मरणं ठरलेलंच. त्या मरणाला माहिती समजा, जागा लक्षात ठेवा, पुढे चला. १९९२ च्या ‘सोनिक द हेजहॉग २’मधल्या मेट्रोपोलिस झोनमध्ये वेगानं धावायला शिकवलेल्या पात्रासमोर अरुंद जागांत फेकून मारणारे आणि फुटणारे शत्रू ठेवले आहेत. मला तो भाग आजही आवडत नाही, पण तिथे सोनिकचा वेग सोडून चालत गेलं की तो पार होतो.

चांगला गेम तोच शत्रू आधी सपाट जमिनीवर दाखवतो, मग लहानशा खड्ड्याजवळ, आणि मगच मोठ्या दरीवर. हा क्रम दिसला की त्या बनवणाऱ्यांवर विश्वास ठेवा. पहिल्या भेटीत शत्रूशी थोडा जास्त वेळ खेळा, कारण तो पुढे काठावर भेटणार हे नक्की.

आणि मग स्वतः एक काठ बनवा

हे सगळं लवकर अंगवळणी पडायचा माझ्या माहितीतला उत्तम मार्ग म्हणजे ‘सुपर मारिओ मेकर २’, २०१९ चा, निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावरचा. त्यात लेव्हल स्वतः मांडता येते आणि मांडता मांडता खेळून बघता येते. एक खड्डा, पलीकडे पाच चौकटींची फळी, तिच्यावर एक लाल कासव. एवढंच करा. मग फळी चार चौकटींची करा, तीन करा. कासव एक चौकट अलीकडे सरकवा. प्रत्येक बदलानंतर खेळा. कुठल्या चौकटीला ‘सोपं’चं ‘अवघड’ होतं आणि कुठल्या चौकटीला ‘अवघड’चं ‘अशक्य’, ते बोटांना कळायला लागतं. तिथे एक चांगला नियम आहे: स्वतः पूर्ण करून दाखवल्याशिवाय लेव्हल इतरांसाठी अपलोड करता येत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत भाचरं परत आली तेव्हा धाकट्यानं अशी एक लेव्हल बनवली. फळी दोन चौकटींची, तिच्यावर कासव, वरून उडणारं आणखी एक. चाळीसेक मिनिटं तो स्वतःच तिथे मरत होता. मग उठून पाणी प्यायला, परत आला आणि फळी एका चौकटीनं वाढवली. त्याची ताई म्हणाली, “सोपं केलंस.” तो म्हणाला, “नाही गं, उतरायला जागाच नव्हती.” मग कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी काठाच्या अलीकडे थांबून दोन्ही कासवांची एक फेरी बघत होते, तर शेजारून त्यानं हळूच टाळीचा ठेका धरला.